ताटलीखालचा गळ

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

गळ सापडला! यांचा गळ!

भांडी घासताना ताटली उलटी केली आणि बोटाला काहीतरी लागलं. वाटलं खरकटं चिकटलंय. नखानं खरवडलं, निघेना. चष्मा लावून खिडकीशी गेले — तर गळ! तांदळाच्या दाण्याएवढा. वर आखूड दांडी, मध्ये पोट, खाली शेपटीला झटका. हजारात ओळखीन मी.

ताटली दिवाळीत घेतलेली. घरभर बाजारमधून. तिथं 'हरित घर' म्हणून हिरव्या पाट्यांची एक रांग आहे, तिच्यातल्या दोन आणल्या होत्या.

हे भोसरीत अण्णासाहेबांच्या वर्कशॉपात एकोणतीस वर्षं डाय बनवायचे. पोलादात एकदा ताटली कोरली, की तिच्यात माल दाबून तश्शाच हजारो ताटल्या निघतात. साबणदाण्या, झाकणं, मग, कपाटाच्या मुठी. आणि स्वतः केलेल्या प्रत्येक डायच्या तळाला हे एक बारीकशी खूण कोरायचे. लग्नानंतर पहिली साबणदाणी घरी आणली, उलटी करून दाखवली. मी म्हटलं, "हे काय? मासे धरायचा गळ?" केवढे हसले होते! म्हणाले, "गळच म्हण. टाकून ठेवलाय. लागेल कधीतरी मासा." तेव्हापासून आमच्यात त्याचं नाव गळ. कुणाच्याही लग्नाला गेलो तरी जेवण झाल्यावर हे वाटी उलटी करून बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

जाऊन पावणेतीन वर्षं झाली. आणि आज मोरीत भेटले!

नेहाला हाका मारून बोलावलं. ती म्हणाली, "आई, तू हसतेयस की रडतेयस?"

दोन्ही, बाई.

११ नोव्हेंबर, सोमवार

एक मिनिट. बांबूला डाय कशाला लागते?

सकाळी चहा उकळताना हे डोक्यात आलं आणि चहा उतू गेला. काल आनंदात काही सुचलंच नाही. ताटलीचा खोका काढला. (मी खोके फेकत नाही. वाचायला लागतात.) त्यावर छापलंय — 'शंभर टक्के बांबू. दुर्गम खेड्यांतील भगिनींनी हातानं घडवलेली. गरम जेवणासाठी निर्धोक. नव्वद दिवसांत मातीत मिसळते.' शेजारी नऊवारीतल्या बाईचं चित्र, मागं डोंगर.

हातानं घडवली तर दोन ताटल्या सारख्या कशा? एकीवर एक ठेवली — केसाचाही फरक नाही! दोन्हींच्या तळाला गळ, त्याच जागी.

मग एकदम आठवलं. सुमनताई!

खालच्या मजल्यावर सुमनताईचं पाळणाघर आहे. चौदा मुलं. दुपारी वाफाळती खिचडी. दिवाळीआधी ती मला म्हणाली, "दीपाताई, त्या बांबूच्या ताटल्या कशा आहेत गं? तू वाचलं असशील." आणि मी ऐटीत खोका वाचून दाखवला! तिनं चौदा घेतल्या, पालकांसाठी फळ्यावर लिहिलं — 'आमच्याकडे मुले बांबूच्या ताटलीत जेवतात.'

बिल्डिंगमध्ये कुणाला काही घ्यायचं झालं की मला विचारतात. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून, मग वाचनालयातून. इंग्रजीसुद्धा बिस्किटांच्या पुड्यांवरूनच, एकेक अक्षर जुळवत. लिहिणं मात्र अजून कच्चं. घाईत अक्षरावरची रेघ राहून जाते. हे म्हणायचे, "दीपमाला, तुझ्या अक्षरांना छप्परच नसतं. भिजतील ना बिचारी."

वाचणारी म्हणून माझा मान. आणि मी वाचून दाखवलं ते खोटं असेल तर?

१३ नोव्हेंबर, बुधवार

घरभर बाजारला जाऊन आले. छातीवर त्यांचाच बिल्ला लावून गेले — 'हरित सखी'! वर्षभर कापडी पिशवी नेली म्हणून मिळालाय. मॅनेजर प्रितम, तिशीतला, गोड बोलणारा.

"काकू! आज आमच्या सखी लवकर?"

म्हटलं, "प्रितम, ही ताटली कोणत्या गावी होते?"

"दुर्गम भागात, काकू."

"दुर्गम भागाला नाव असेल ना?"

"ते हेड ऑफिसला माहिती."

"बांबू दाबायला डाय लागते का रे?"

"डाय म्हणजे केसांचा?"

मी तिथंच हसले. रांगेतल्या बाया बघायला लागल्या. तो खजील झाला, म्हणाला, "काकू, एवढी मोठी कंपनी आहे, उगाच छापेल का?"

हेच तर मी विचारतेय!

१४ नोव्हेंबर

कोरफडीच्या कुंडीत एक ताटली पुरली. शेजारी जुन्या सुपाची बांबूची पट्टी. खतमाती, रोज पाणी. नव्वद दिवस म्हणजे बारा फेब्रुवारी. बघू कोण मिसळतंय!

१९ नोव्हेंबर, मंगळवार

नेहा चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणी खात्यात आहे. बसमधून उतरून दमून येते आणि दारातच मी पकडते. आज म्हणाली, "आई, आमच्याकडं 'मला वाटतं' चालत नाही. पुरावा दाखव. नाहीतर पार्ट पास."

"गळ आहे की!"

"पप्पांची खूण तुला माहिती, मला माहिती. जगाला काय माहिती?"

खरंय तिचं. मग दोघींनी उरलेल्या ताटलीत उकळती चिंचेची आमटी ओतली, झाकून ठेवली. अर्ध्या तासानं हुंगलं — चिंचेखालून दुसराच वास. तिखट, दवाखान्यासारखा. नेहानं नाक मुरडलं. "हा बांबूचा वास नाही. बांबू असा वास मारत असता तर बुरूड आळीत कुणी राहिलं नसतं."

वास म्हणजे पुरावा का? ती म्हणाली, अर्धा.

वाचनालयातून एक पुस्तक आणलंय, घरातल्या वस्तू कशापासून होतात त्याचं. मेलामाइन नावाचा प्रकार असतो. पावडर असते, दाबून तापवली की घट्ट होते. त्यात लाकडाची, बांबूची भुकटी मिसळतात. फार गरम आणि आंबट घातलं तर त्यातलं काही जेवणात उतरतं असं लिहिलंय. दोनदा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं.

२४ नोव्हेंबर

हेड ऑफिसला पत्र पाठवलं होतं. नेहानं मोबाईलवर टाईप केलं, शब्द माझे. प्रश्न सहा. आज उत्तर आलं! 'प्रिय हरित सखी, आपल्या प्रेमाने आम्ही भारावलो आहोत. पृथ्वी वाचवण्याच्या या प्रवासात आपली साथ मोलाची आहे.'

सहापैकी एकाचंही उत्तर नाही. बेसनावर सूट मात्र आहे.

हसून हसून ठसका लागला. मग राग आला. मग पुन्हा मजा वाटली! कित्येक दिवसांनी सकाळी उठायची घाई होतेय मला.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज भोसरी! काय दिवस गेला! सगळं लिहून काढते, नाहीतर सांडेल.

रहाटणीहून बस बदलत गेले. एवढ्या वर्षांत वर्कशॉपात मी तीनदा गेले असेन, तेही दसऱ्याला, फाटकापर्यंत. यांचं म्हणणं, आत तेल असतं, साडी खराब होईल.

अण्णासाहेब थकलेत. पण आवाज तोच. "या या वहिनी! किती दिसांनी! आवो खुर्ची आणा रं!" मग यांची आठवण काढून डोळे पुसले, आणि लगेच हसायला लागले. "तुमाला सांगतो, ज्योतीराम गेला आन् वर्कशॉपचा दरारा गेला. त्यो असताना कुनाची चुकायची टाप न्हवती. एका नव्या कारागिरानं औशिदाच्या कंपनीचं नाव डायमधी सरळ कोरलं! आता पोलादात सगळं उलटं कोराय लागतं, तवा मालावर सरळ उमटतं. दहा हजार झाकणं निघाली उलट्या नावाची! कंपनीचा सायेब झाकण आरशाफुडं धरून वाचतोय! मी डोक्याला हात लावून बसलो, आन् ज्योतीराम कोपऱ्यात पोट धरून हसतोय."

ते हसणं मला ऐकू आलं.

मग पिशवीतून ताटली काढली. उलटी केली. अण्णासाहेबांनी चष्मा वर केला. गळावरून बोट फिरवलं.

"व्हय," म्हणाले. "ज्योतीरामचीच डाय. हितंच व्हत्यात."

"बांबूच्या?"

"वहिनी, आमी काय लिवत न्हाई. आमी कोऱ्या ताटल्या देतो. खोका त्यांचा, चित्र त्यांचं, डोंगरबी त्यांचाच."

आत प्रेसवर एक बाई होती, छबूबाई. तोंडाला फडकं. एका हातानं पावडर ओतायची, बटण दाबायचं, प्रेस खाली, फुस्स, प्रेस वर, दुसऱ्या हातानं गरम ताटली बाहेर. मग कडा घासायच्या. मी म्हटलं, "बाई, खोक्यावर लिहिलंय, खेड्यातल्या भगिनींनी हातानं घडवली."

फडकं खाली ओढून ती म्हणाली, "मंग? मी हिंगोलीकडली. आमच्या गावाला अजून येष्टी येत न्हाई. आन् हातानंच करते की! ह्या हातानं बटन दाबते, ह्या हातानं ताटली काढते."

दोघी इतक्या हसलो! खोक्यावरचं एवढं तरी खरं निघालं!

"नऊवारी कुठाय पण?" मी.

"नऊवारी नेसून प्रेसवर बसले तर पदरासकट ताटली निघंल, बाई."

डाय बघायची होती, पण ती प्रेसच्या पोटात, तापलेली. दिसली नाही.

निघताना अण्णासाहेब फाटकाशी थांबले. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, ज्योतीरामच्या बाकी समद्या डाया भंगारात गेल्या. ही एकच चालू हाय. तुमी तक्रार केली तर ऑर्डर जाणार, आन् डायबी. मी न्हाई अडवत. तुमचा हक हाय." मग इकडं तिकडं बघून, "मी जरा च्या सांगून येतो. पावडरीची पोती तितं हायत. तुमाला वाचायची सवय हाय न्हवं?"

आणि खरंच चहा सांगायला गेले!

मी पोत्यासमोर उकिडवी बसले. एकेक अक्षर जुळवलं. वहीत उतरवलं, वर मोबाईलवर फोटो. मेलामाइन. बांबूची भुकटी — शंभरात दहा भाग. सत्तर अंशांहून गरम अन्नासाठी वापरू नये.

दहा! आणि खोक्यावर शंभर. एक शून्य तेवढं वाढवलं.

चहा मात्र फार गोड होता.

१ डिसेंबर, रविवार

सुमनताईला सगळं सांगितलं. फोटो दाखवला. ती चिडली. कंपनीवर नाही, माझ्यावर!

"तूच वाचून दाखवलंस ना? त्या दिवशी शंभर टक्के, आज दहा टक्के. उद्या म्हणशील चुकून वाचलं. पालकांना काय सांगू मी? फळ्यावर लिहिलंय माझ्या!"

"पुसून टाक."

"तुझं काय जातंय? माझं पाळणाघर आहे ते!"

दार लावून घेतलं तिनं. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

माझं काय जातंय — हे तिला कसं सांगू? तक्रार पुढं नेली तर यांचं शेवटचं काम भट्टीत जाईल. अजून रोज कुठंतरी प्रेस खाली येते, वर जाते आणि यांचा गळ उमटतो. हे गेले, पण हात चालू आहे. तो मी बंद करू?

२ डिसेंबर

ते पुढचं पुढं. मुलांचं आज!

घरातल्या, शेजारच्या मिळून चौदा स्टीलच्या ताटल्या गोळा केल्या. बरोबर बाराला पाळणाघराच्या दारात. सुमनताई बोलली नाही. मीही नाही. ताटल्या मांडल्या. तिनं खिचडी वाढली — त्यांत! जेवणं झाल्यावर घासून परत आणल्या.

९ डिसेंबर

रोज चालू आहे. अबोलाही, ताटल्याही. आज एक चिमुरडी म्हणाली, "ताटलीवाल्या आजी आल्या!" सुमनताईला हसू आलं. दाबलं तिनं. पण मी पाहिलं!

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

घरभर बाजारमधून फोन. प्रितम! "काकू, पंधरा फेब्रुवारीला हरित शनिवार आहे. आपल्या शाखेतून एका सखीनं चार शब्द बोलायचेत. तुमच्याइतक्या पिशव्या कुणीच आणल्या नाहीत. माईकवर बोलाल ना?"

मी म्हटलं, मला बोलता येत नाही.

"मग लिहून आणा. वाचून दाखवा."

वाचून दाखवा!

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात दोन चकरा मारल्या.  वाचता मला येतंच की!

पण डाय...

८ फेब्रुवारी

हे जाऊन तीन वर्षं. ताटली तळहातावर घेऊन बसले. गळावर अंगठा.

९ फेब्रुवारी, रविवार

आज एक आठवलं. नेहा पहिलीत होती. यांनी एका मगाची डाय केली होती, महिनाभर खपून. पहिला मग घरी आणला. मुठीची कड जराशी धारदार होती, नेहाचं बोट कापलं. टाका पडला नाही, थेंबभर रक्त. रविवार होता. हे जेवायचे थांबले, सायकल काढली, वर्कशॉप उघडायला लावलं आणि स्वतःच्या डायवर स्वतः ग्राइंडर धरला. अण्णासाहेब ओरडत होते म्हणे — अरे महिन्याचं काम! संध्याकाळी घरी आले, हात काळे. मी म्हटलं, वाईट नाही वाटलं? म्हणाले, "वाटलं ना. पण पोरीला लागलं."

एवढंच म्हणाले होते. आज पुरलं तेवढं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नव्वद दिवस! कुंडी उकरली. सुपाची पट्टी काळी पडलीय, भुसभुशीत, चिमटीत धरली तर तुटली, मुंग्यांनी घर केलंय. ताटली? पुसली तर नवीकोरी! तळाचा गळसुद्धा चकचकीत.

नेहा म्हणाली, "पार्ट रिजेक्ट." आणि मला मिठी मारली.

तिनं दोन कागद टाईप करून दिले, मोठ्या अक्षरात. दोन्हींतले शब्द माझे नाहीत. एक खोक्याचा, एक पोत्याचा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

झालं!! वाचलं!

फुगे, हिरवे झेंडे, सरबत, 'पृथ्वी माझी माय' असं लिहिलेला केक. शे-सव्वाशे माणसं. प्रितमनं माईक हातात दिला. "आता ऐकूया आपल्या लाडक्या हरित सखी दीपमालाकाकूंना!" टाळ्या.  ठरवलं होतं, स्वतःचा एकही शब्द बोलायचा नाही.

पहिला कागद वाचला. शंभर टक्के बांबू. हातानं घडवलेली. गरम जेवणासाठी निर्धोक. मातीत मिसळते. पुन्हा टाळ्या! प्रितमचा चेहरा फुललेला.

मग म्हटलं, "हे खोक्यावरचं. आता ज्या पावडरीची ही ताटली होते तिच्या पोत्यावरचं." दुसरा कागद वाचला. सावकाश. मेलामाइन. बांबू शंभरात दहा. सत्तर अंशांहून गरम नको.

टाळ्या नाहीत. कुणाचं तरी सरबत सांडलं.

पिशवीतून पट्टी काढली आणि ताटली काढली. "दोन्ही नव्वद दिवस एकाच कुंडीत होत्या." पट्टी टेबलावर ठेवताना गळूनच पडली. ताटली ठेवली — ठण्णकन वाजली!

मग एकच गलका. एक बाई ओरडली, "अगं बाई, मग पोरांना गरम वाढायचं कशात?"

मागून आवाज आला — "स्टीलमध्ये!"

सुमनताई! पिशवीत 'हरित घर'च्या चौदाच्या चौदा ताटल्या घेऊन आलेली! पुढं घुसत म्हणाली, "अडीच महिने ही बाई रोज ताटल्या घेऊन येतेय माझ्याकडं. घासूनसुद्धा नेते! मी एक शब्द बोलले नाही तिच्याशी. आता बोलते. ही वाचते ते खरं असतं!" आणि पिशवी काउंटरवर उपडी केली. मग काय! बायका रांगेतल्या ताटल्या उलट्या करून बघायला लागल्या. सगळीकडं गळच गळ! मला वाटलं, हे बघत असतील कुठूनतरी. शंभर बायका यांची खूण शोधतायत!

प्रितमनं माझ्या हातातून माईक घेतला. बंद केला. हळूच म्हणाला, "काकू, हे काय केलंत?"

"वाचलं फक्त. तूच म्हणालास, लिहून आणा."

त्यानं एक ताटली उचलली, उलटी करून पाहिली. म्हणाला, "माझी मुलगी यातच नूडल्स खाते." आणि तो गोड आवाज नव्हता. पहिल्यांदाच.

बिल्ला तिथंच काढून ठेवला. सुमनताई आणि मी दोघी एकाच रिक्षानं आलो. वाटेत ती म्हणाली, "फळा पुसलाय बरं का मी." मी म्हटलं, "दिसला मला, परवाच." आणि दोघी इतक्या हसलो की रिक्षावाला मागं वळून बघायला लागला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

'हरित घर'ची रांग रिकामी. पाटी लावलीय — 'पुरवठादाराकडून आलेल्या माहितीत त्रुटी आढळल्याने विक्री थांबवली आहे. ताटल्या परत घेतल्या जातील.' त्रुटी म्हणे पुरवठादाराची! मी प्रितमला म्हटलं, "पुरवठादार कोरी ताटली देतो. डोंगर कुणी छापला?" तो म्हणाला, "काकू, हेच मी वर लिहून पाठवलंय. माझ्या सहीनं." हळू बोलला, पण बोलला.

हेड ऑफिसला दुसरं पत्र पाठवलंय. आता प्रश्न नऊ!

२४ फेब्रुवारी, सोमवार

अण्णासाहेबांचा फोन. मला वाटलं बोलतील. म्हणाले, "वहिनी, आवाज बरा लागला की माईकवर! छबूबाईच्या मोबाईलवर आलाय तुमचा व्हिडिओ. समद्यांनी दोनदा बघितला." छबूबाईला झाकणांच्या प्रेसवर घेतलंय, काम गेलं नाही तिचं. मी मनावरचं ओझं उतरल्यासारखा श्वास घेतला.



"डाय उतरवली आज," म्हणाले. "परवा भंगारवाला येतोय."

मी म्हटलं, बरं.

फोन ठेवल्यावर साबणदाणी शोधली, पहिली, लग्नानंतरची. तडा गेलाय. खालचा गळ आहे अजून. भाजी चिरायला घेतली. चिरली. कुणासाठी एवढी, ते नंतर लक्षात आलं.

तरी पुन्हा विचारलं तर पुन्हा वाचीन.

२ मार्च, रविवार

सकाळी दारात छबूबाई! हातात फडक्याचं गाठोडं. "आण्णांनी धाडलंय. म्हन्ले, आख्खी डाय वहिनीला उचलायची न्हाई, पन तळाचा गोल तुकडा निघतोय, तेवढा दे." पोलादाचा, तळहाताएवढा, जड. मी तो उलटाच ठेवला कट्ट्यावर. आधी चहा केला. गप्पा मारल्या. ती गेल्यावर पदरानं तेल पुसलं, चष्मा लावला आणि गळ शोधला.

गळ नाही.

पोलादावर सरळ कोरलंय. मालावर उलटं उमटेल हे यांच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी सरळच. प्रत्येक डायमध्ये. एकोणतीस वर्षं.

द.

वरची रेघ नाही. मी काढते तसा. छप्पर नसलेला द.